हे स्वप्न आहे, हे स्वप्नातच कळले तर?

‘मनी वसे ते स्वप्नी दिसे’ असे आपण म्हणतो. परंतु काही जणांना एकच भीतिदायक स्वप्न वारंवार पडते आणि मग झोपेचीच धास्ती वाटू लागते. कुणाच्या अंगावर वावरात रानडुक्कर धावून येते, तर कुणाला परीक्षेत एकही उत्तर आठवत नाही. अशा रुग्णांना मी विचारतो, “स्वप्न सुरू असताना ‘हे स्वप्न आहे’ असे कधी कळले काय?” पुष्कळ जण “हो, एखादे वेळी” असे सांगतात. यालाच सजग स्वप्न किंवा ल्युसिड ड्रीम म्हणतात. यात दैवी किंवा बाहेरचे असे काही नाही.

झोप लागल्यावर साधारण दीड तासाने स्वप्नांची पहिली अवस्था येते. रात्रीतून ती चार-पाच वेळा येते व पहाटेकडे लांबत जाते. या वेळी हातपाय शिथिल असतात; बुबुळे मात्र हलतात. 1975 साली इंग्लंडमधील हल विद्यापीठात कीथ हर्न यांनी याचाच उपयोग केला. अ‍ॅलन वर्सली यांनी स्वप्नात असताना, आधी ठरल्याप्रमाणे डोळे डावीउजवीकडे फिरवून खूण केली आणि यंत्राने ती नोंदवली. पुढे अमेरिकेत स्टीफन लाबर्ज यांनीही हे सिद्ध केले.

ही सवय पुढीलप्रमाणे लावता येते :

1) उठल्याबरोबर आठवेल तेवढे स्वप्न वहीत लिहावे.

2) दिवसातून पाच-सहा वेळा “मी आत्ता स्वप्नात तर नाही?” असे स्वतःला मनापासून विचारावे. तोंड मिटून, नाक चिमटीत धरून श्वास घेऊन पाहावा. जागेपणी तो येत नाही. स्वप्नात पुष्कळदा येतो.

3) झोपताना “आज स्वप्न पडले की मी ते ओळखीन” असा निश्चय करावा.

हे सर्वांनाच साधते असे नाही. म्हणून भीतिदायक स्वप्नांसाठी मी त्याहून सोपा उपाय आधी सांगतो. ते स्वप्न दिवसा कागदावर लिहा, त्याचा शेवट आपल्या मनाप्रमाणे बदला आणि रोज दहा-पंधरा मिनिटे नवे स्वप्न डोळ्यांपुढे आणा. डुक्कर अंगावर न येता वळून नाल्याकडे पळाले, असे पाहा. या उपायाने अनेकांची अशी स्वप्ने कमी होतात.

मात्र काही पथ्ये पाळावीत. पहाटे गजर लावून उठायचे व पुन्हा झोपून स्वप्न ओळखायचे, अशीही एक पद्धत आहे. वावरात जागल करणाऱ्यांनी व रात्रपाळीच्या कामगारांनी तिच्या वाटेला जाऊ नये. त्यांना आधी पुरेशी झोप हवी. ज्यांना भास होतात किंवा मानसिक आजाराचे औषध सुरू आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा सराव करू नये. उतारवयात झोपेत कुणी लाथा मारत असेल, पलंगावरून पडत असेल, तर तपासणी अवश्य करावी.

एखाद्या अपघातानंतर वा घरातील मृत्यूनंतर तीच स्वप्ने महिनाभर छळत असतील, किंवा जगणे नकोसे वाटत असेल, तर घरगुती उपायांवर थांबू नका. सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात मानसोपचार विभाग आहे. तेथे जाण्यात कमीपणा कसला? ताप आला तर आपण दवाखान्यात जातोच ना!