पडद्यावरील पिंप आणि त्याचा कारागीर

संगणकावरील एखादा खेळ खेळत असता तुमचा नायक बंदराच्या धक्क्यावरून धावत जातो, तेव्हा वाटेत पडलेल्या लाकडी पिंपाकडे तुमचे लक्ष जाण्याचे काही कारण नाही. पिंप तेथे असते. नायक त्याच्या आडोशाला लपतो किंवा ते फोडून पुढे जातो, इतकेच. तथापि क्षणभर थांबून पाहाल, तर त्या पिंपाच्या फळ्यांना चिरा गेलेल्या दिसतील, लोखंडी पट्ट्यांवर गंज चढलेला दिसेल, तळाशी ओल धरून लाकूड काळवंडलेले दिसेल. हे सारे कोणीतरी दिवसचे दिवस बसून केलेले असते. ज्या संस्थेचे नाव खेळावर झळकते, तिचा तो नोकर बहुधा नसतो. तो बंगळूरला, पुण्याला, शांघायला किंवा व्हिएतनाममधील हो चि मिन्ह शहरात बसलेला असण्याचा संभव मोठा.

मोठ्या खेळसंस्थांनी आपले चित्रकाम देशोदेशींच्या अशा कारागिरांकडून ठरीव मोबदल्यावर करवून घ्यावयाचे, या पद्धतीस आउटसोर्सिंग म्हणतात. शब्द व्यापारातला आहे. परंतु त्याच्या पोटात कलेचा एक जुना प्रश्न दडलेला आहे : हात एकाचा आणि निर्णय दुसऱ्याचा असेल, तर चित्र कोणाचे म्हणावे?

प्रारंभीच्या काळी असा प्रश्न उद्भवतच नसे. 'प्रिन्स ऑफ पर्शिया' या नावाचा खेळ १९८९ साली प्रसिद्ध झाला. जॉर्डन मेक्नर नावाच्या अमेरिकन तरुणाने तो जवळजवळ एकट्याने रचला. राजपुत्राचे धावणे खरे वाटावे म्हणून त्याने आपल्या धाकट्या भावाला धावावयास व उड्या मारावयास लावले, व्हिडिओ कॅमेऱ्याने त्याचे चित्रण केले आणि त्यातील एकेक स्थिती गिरवून राजपुत्राची चित्रे काढली. संगीत वडिलांनी दिले. घरचाच कारभार म्हणाना! पुढे २००३ साली युबिसॉफ्ट या फ्रेंच संस्थेच्या कॅनडातील माँट्रियल शाखेने याच राजपुत्रावर 'द सँड्स ऑफ टाइम' हा खेळ काढला, तेव्हा त्यासाठी मोठा संच राबला. आज पहिल्या प्रतीच्या एखाद्या खेळासाठी शेकडो, क्वचित हजारांवर माणसे लागतात. पडदे सूक्ष्म झाले, यंत्रे वेगवान झाली आणि पूर्वी चार ठिपक्यांत भागणारे पिंप आता खऱ्या पिंपासारखे दिसू लागले.

ते घडते कसे, हे थोडे विस्ताराने सांगितले पाहिजे. मी कलाशाखेचा पदवीधर. यंत्रविद्येशी माझा संबंध बेताचाच. परंतु ही क्रिया जाणून घेतल्यावर ती मला शिंप्याच्या आणि मूर्तिकाराच्या कामाशी जवळची वाटली. प्रथम मूळ संस्था एक मार्गदर्शक पुस्तिका तयार करते. खेळातील जग कसे दिसावे, रंग भडक असावेत की मळकट, वस्तू किती झिजलेल्या असाव्यात, हे सारे तीत नमुन्यांसह दिलेले असते. ती पुस्तिका आणि पिंपाचे एक रेखाचित्र दूरच्या कारागिराकडे येते. तो संगणकावर पिंपाचा ओबडधोबड आकार उभा करतो आणि मग त्यावर बारीक काम करीत जातो. प्रत्येक चीर, प्रत्येक खिळा तो जणू छिन्नीने कोरतो. या सूक्ष्म मूर्तीला लाखो पैलू असतात. पण खेळात एका सेकंदात तीस किंवा साठ वेळा सारे दृश्य नव्याने रेखाटावे लागते. एवढे पैलू असलेली शेकडो पिंपे यंत्राला पेलणार कशी? म्हणून कारागीर त्याच पिंपाची दुसरी, थोडक्या पैलूंची मूर्ती बनवितो. ती साधी, गुळगुळीत असते.

आता खरी गंमत आहे. शिंपी अंगरख्याचे तुकडे जसे कापडावर पसरून मांडतो, तसा कारागीर या साध्या पिंपाचा पृष्ठभाग उलगडून सपाट करतो. त्या सपाट पटावर मूळ सूक्ष्म मूर्तीतील उंचसखलपणा रंगांच्या संकेतांनी उतरविला जातो. या पटास नॉर्मल मॅप म्हणतात. तो पिंपावर चढविला की पृष्ठभाग प्रत्यक्षात गुळगुळीतच राहतो, पण खेळातील प्रकाश त्या संकेतांप्रमाणे पडतो आणि पाहणाऱ्यास तेथे चीर असल्याचा भास होतो. त्यानंतर गंज, ओल, धूळ यांचे रंगकाम. शिवाय नायक दूर असताना दिसावयाची आणखी साधी पिंपे वेगळीच. हे सर्व मूळ संस्थेकडे पाठविले की तेथील कलादिग्दर्शक सूचना पाठवितो : गंज फार नवा दिसतो, डावी पट्टी जाड वाटते. कारागीर पुन्हा बसतो. पुष्कळदा वेळ जातो तो घडविण्यात नव्हे, या फेऱ्यांत.

आमच्या गोव्यातील चित्रशाळांत चतुर्थी जवळ आली की साच्यात माती एक जण भरतो, रंगाचा हात दुसरा देतो; पण गणपतीच्या डोळ्यांची आखणी मुख्य मूर्तिकारच करतो. या नव्या धंद्यात डोळे आखणारा हजारो मैलांवर बसलेला असतो, एवढाच फरक. पण तो लहान नाही. चित्रशाळेतील पोरगा मूर्तिकाराच्या खांद्यावरून डोकावून पाहू शकतो.

चित्रकामच बाहेर का जाते? कारण ते तोडून देता येते. खेळाचे नियम, नायकाच्या उडीचा नेमका अंदाज या गोष्टी रोज खेळून, रोज भांडून ठरवाव्या लागतात. त्यासाठी माणसे जवळ असलेली बरी. पिंप घडविणाऱ्यास मात्र कथा ठाऊक असण्याची गरज नसते. दुसरे कारण पगारातील तफावतीचे आहे, ते उघडच आहे. तिसरे कारण कमी बोलले जाते. खेळाच्या आरंभी मोजके चित्रकार पुरतात, मधल्या काळात शेकडो लागतात आणि शेवटी पुन्हा थोडेच. मधल्या काळासाठी माणसे नेमून नंतर काढून टाकण्याचा वाईटपणा संस्थेला नको असतो. तो वाईटपणा मग दुसऱ्याच्या माथी जातो. सिंगापूरस्थित व्हर्च्युओस ही या क्षेत्रातील फार मोठी संस्था. एप्रिल २०२५ मध्ये तिने घडविलेला 'ऑब्लिव्हियन रीमास्टर्ड' हा खेळ प्रसिद्ध होऊन गाजला. त्याच वर्षी जुलैमध्ये तिने सुमारे २७० माणसांना कामावरून कमी केले, आणि त्यांत आशियातील माणसांची संख्या अधिक होती.

आपल्या देशात या कामाचा पाया बंगळूरच्या ध्रुव इंटरॅक्टिव्ह या संस्थेने घातला. राजेश राव यांनी ती गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात स्थापिली. अमेरिकेतील 'फोर्झा' या शर्यतीच्या खेळांतील मोटारी घडविण्याचे काम तिच्याकडे येई. २०१९ साली अमेरिकेच्या रॉकस्टार गेम्सने ती ७९ लक्ष डॉलरांस विकत घेतली. लक्ष्य डिजिटल ही २००४ साली दिल्लीजवळ गुडगावला निघालेली दुसरी संस्था. २०१४ मध्ये ती आयर्लंडच्या कीवर्ड्स स्टुडिओजकडे गेली. म्हणजे आमच्या हातांचे कसब जगाने मानले, आणि मानून ते विकतही घेतले.

निर्णयाचे काम येथे आले तेव्हा काय झाले, याची हकीकत पुन्हा त्या राजपुत्राशी येऊन ठेपते. युबिसॉफ्टची पुण्यातील शाखा २००८ पासून व मुंबईतील २०१८ पासून चालू आहे. 'द सँड्स ऑफ टाइम' नव्या रूपात आणण्याची जबाबदारी या दोन शाखांवर सोपविण्यात आली आणि सप्टेंबर २०२० मध्ये त्याची पहिली चित्रफीत जगापुढे आली. टीकेचा पाऊस पडला. चेहरे जुनाट दिसतात, प्रकाश निर्जीव आहे, असे लोक म्हणाले. खेळ लांबणीवर पडत गेला आणि मे २०२२ मध्ये काम काढून घेऊन पुन्हा माँट्रियलला देण्यात आले. 'भारतीयांना जमणार नाही, हे ठाऊकच होते' असे म्हणणारे आपल्याकडेही निघाले. हा निवाडा मला अन्यायाचा वाटतो. दुसऱ्याच्या पुस्तिकेबरहुकूम निर्दोष पिंप घडविणे ही एक विद्या आहे आणि संबंध बंदर कसे दिसावे हे ठरविणे ही वेगळी विद्या आहे. पहिलीत कितीही वर्षे घालविली तरी दुसरी आपोआप येत नाही. ती चुका करण्याची मुभा असेल तेथेच येते. माँट्रियलला ती मुभा अनेक खेळांतून मिळालेली होती. आपल्याला एकदाच मिळाली.

त्याच २०२० साली, त्याच पुण्यात, नोडिंग हेड्स गेम्स या छोट्याशा मंडळाने 'राजी : अ‍ॅन एन्शंट एपिक' हा स्वतःचा खेळ प्रसिद्ध केला. असुरांनी पळवून नेलेल्या भावाला सोडविण्यास निघालेली राजी ही त्याची नायिका. दुर्गा आणि विष्णू ही कथा सांगतात. राजस्थानी गडकोट आणि पहाडी लघुचित्रांची आठवण देणारे रंग यांनी ते जग सजलेले आहे. खेळात उणिवा आहेत, तो लहानही आहे. पण त्यातील पिंप कसे असावे हे विचारावयास कोणाला परदेशी पत्र पाठवावे लागले नाही. त्या वर्षीच्या गेम अवॉर्ड्समध्ये उत्कृष्ट पदार्पणाच्या पारितोषिकासाठी त्याला नामांकन मिळाले होते.

आता नावाविषयी. १९८० साली अटारी या अमेरिकन संस्थेने 'ॲडव्हेंचर' नावाचा खेळ काढला. तो वॉरन रॉबिनेट या एकट्याची रचना होती. परंतु रचनाकाराचे नाव जाहीर न करण्याचा त्या संस्थेचा शिरस्ता होता. रॉबिनेटने खेळात सहज न दिसणारा एक ठिपका लपविला. तो उचलून योग्य जागी नेला की एक गुप्त खोली सापडे आणि तीत त्याचे नाव चमकत असे. वरिष्ठांना याचा पत्ताही नव्हता. तो नोकरी सोडून गेल्यावर युटा प्रांतातील पंधरा वर्षांच्या एका मुलाने ती खोली हुडकली आणि संस्थेला पत्राने कळविले! श्रेय आणि मोबदला यांवरूनच अटारीचे चार रचनाकार बाहेर पडले होते व १९७९ मध्ये त्यांनी ॲक्टिव्हिजन ही संस्था उभारली. तेथे रचनाकाराचे नाव छापले जाई.

पिंपाच्या कारागिराला अशी गुप्त खोली बांधता येत नाही. खेळाच्या शेवटी सरकत जाणाऱ्या नामावलीत पुष्कळदा केवळ त्याच्या संस्थेचे नाव असते, कधी तेही नसते. शिवाय गुप्ततेच्या करारावर त्याची सही असते. खेळ प्रसिद्ध होईपर्यंत आपण कशावर काम करीत आहोत हे त्याने बाहेर बोलावयाचे नाही, आणि त्यानंतरही आपले काम दुसरीकडे नोकरी मागताना दाखविण्यास परवानगी लागते. चित्रकाराची परीक्षा त्याच्या चित्रसंग्रहावरून होते; त्याचा संग्रह मात्र दुसऱ्याच्या कुलुपात. तुमच्यापैकी ज्यांचा हात चित्रकलेत चांगला आहे आणि ज्यांच्या मनात या धंद्यात शिरण्याचे आहे, त्यांनी पगाराच्या आकड्याबरोबर करारातील हे कलमही वाचावे, आणि पालकांनीही ते त्यांच्याबरोबर बसून वाचावे.

खेळ प्रसिद्धच झाला नाही तर? जानेवारी २०२६ मध्ये युबिसॉफ्टने 'द सँड्स ऑफ टाइम'चा तो नवा अवतार रद्द केल्याचे जाहीर केले. पुण्या-मुंबईच्या चित्रकारांनी त्यासाठी जे काही घडविले, त्यातले २०२० च्या चित्रफितीत जेवढे दिसले तेवढेच आता लोकांच्या पाहण्यात आहे.