मऊ भात किती दिवस?

प्रश्न : माझ्या मुलाला (वय 24) अल्सरेटिव्ह कोलायटिस आहे. सहा महिने त्रास नाही, तरी त्याला मऊ भात आणि ताकच देते. मासे, भाज्या, भाकरी बंद. एवढं पथ्य पाळल्यावर गोळ्या थांबवता येतील का?
– एक आई, शिरवणे

उत्तर : ताई, मऊ भात हे दुखणं उसळलेल्या दिवसांचं जेवण. तेव्हा आतडं सुजलेलं असतं, चोथा सोसत नाही, म्हणून ‘भाजीनेच पोट बिघडलं’ असं वाटतं. पण भाजी हे आजाराचं कारण नव्हे. सूज ओसरल्यावर हाच चोथा उपयोगी पडतो : मोठ्या आतड्यातले जिवाणू त्यापासून ब्युटिरेट तयार करतात आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्यावर पोसतात. दुधी, पडवळ, लाल भोपळा सोलून, शिजवून सुरुवात करा. एका वेळी एकच नवा पदार्थ. तांदळाची भाकरी चालेल. मासे तर शिरवण्यासारख्या खाडीकाठच्या गावात सोडूच नयेत. आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने 2020 मध्ये या आजारात ओमेगा-3 हा स्निग्ध घटक कॅप्सूलऐवजी माशांतून घ्यावा, असंच सुचवलं आहे. बांगडा, तारली कमी तिखटाच्या कालवणात द्या. मटण आणि पाकीटबंद खाणं मात्र कमी. (आतड्याच्या सुजेच्याच क्रोन्स या दुसऱ्या आजारात आतडं अरुंद झालं असेल, तर चोथ्याने अडथळा येऊ शकतो, तिथे हा सल्ला लागू नाही.)

गोळ्या थांबवू नका. आज त्रास नाही तो बहुधा त्यांच्यामुळेच, आणि कुठलंही पथ्य त्यांची जागा घेत नाही. हिमोग्लोबिन, बी-12, डी जीवनसत्त्व तपासून घ्या. शौचात रक्त, ताप किंवा वजनात घट दिसली, तर लगेच पोटविकारतज्ज्ञांना दाखवा.