वेदी दिसली, हेतू दिसला नाही
(वाचन: यहोशवा 22:10-34)

एखादी वार्ता खरी असली, म्हणजे तिच्यावरून आपण काढलेला निष्कर्षही खराच असतो काय? यहोशवाच्या पुस्तकाचा 22 वा अध्याय आपल्याला या प्रश्नाचा विचार करावयास लावतो.

रऊबेन, गाद व मनश्शेचा अर्धा वंश यांनी यार्देनेच्या पश्चिमेस आपल्या बांधवांच्या बरोबरीने युद्ध केले होते. यहोशवाने त्यांना आशीर्वाद देऊन पूर्वेकडील वतनास पाठविले. वाटेत त्यांनी यार्देनेजवळ एक भव्य वेदी बांधली. हे ऐकताच उरलेले इस्राएल लोक शिलो येथे जमून युद्धास सिद्ध झाले.

त्यांचे भय निराधार नव्हते. परमेश्वराने निवडलेल्या स्थानाखेरीज अन्यत्र होमार्पण करू नये, अशी आज्ञा होती. पौर येथील पापामुळे 24,000 लोक मरीने मेले होते. एकट्या आखानाच्या अपराधाची झळ सर्वांस लागली होती.

मग चूक कोठे होती? वेदी बांधली गेली, ही वस्तुस्थिती होती. ती बलिदानासाठी बांधली, हा तर्क होता. पूर्वीचे कटू अनुभव मनात ताजे असले म्हणजे ही दोन्ही माणसाला एकच भासू लागतात.

तरीही त्यांनी सैन्य निघण्यापूर्वी एलाजार याजकाचा पुत्र फिनहास व दहा सरदार यांना पाठविले. एखादे नगर अन्य दैवतांच्या मागे गेल्याची वार्ता आली, तरी आधी कसून चौकशी करावी, असे अनुवाद 13 मध्येही सांगितले आहे. दूतांचे पहिले शब्द आरोपाचेच होते. परंतु ते प्रत्यक्ष त्या बांधवांकडे गेले. तुमचे वतन अशुद्ध वाटत असेल तर आमच्यामध्ये येऊन राहा, असे म्हणून त्यांनी समेटाचे दार उघडे ठेवले. आणि उत्तर पूर्णपणे ऐकून घेतले.

ते उत्तर अनपेक्षित होते. यार्देन मध्ये आहे म्हणून पुढील पिढ्यांनी आपल्या लेकरांना परके ठरवू नये, यासाठी ती वेदी होती. जिच्यात बांधवांना द्रोह दिसला, ती ऐक्याची साक्ष होती! पौर प्रकरणी याच फिनहासाने भाला उचलला होता. तेथे पाप सर्वांच्या डोळ्यांदेखत घडले होते. येथे मात्र तो उत्तर ऐकून समाधानाने परतला, आणि युद्ध टळले.

आपल्या मंडळीतही एखादे कुटुंब दोन रविवार उपासनेस आले नाही, किंवा कोणी हिशेब देण्यास विलंब केला, की त्याचे कारण आपणच ठरवून मोकळे होतो. ते कारण पुढे चार घरी सांगितले जाते, आणि ज्याच्याविषयी बोलणे चालते त्याला मात्र कोणीच विचारीत नाही. अशाने तुटलेली मने पुढे सत्य कळले तरी सहज जुळत नाहीत.

मननासाठी प्रश्न
1. या बाबतीत मी स्वतः काय पाहिले, आणि त्यात माझ्या मनाने काय जोडले?
2. दुसरे कोणते कारण संभवते?
3. त्या व्यक्तीला भेटून मी विचारले काय, व तिचे उत्तर ऐकून माझे मत बदलण्याची माझी तयारी आहे काय?