ऑपरेशननंतर नळीकडे लक्ष ठेवा

मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूची कर्करोगाची गाठ बऱ्याचदा शौचातून लाल रक्त दाखवत नाही. रक्त आतल्या आत झिरपतं आणि माणूस पांढरा पडत जातो. माझं तसंच झालं. टेंभुर्णीत शेतावर जाऊन आलो की धाप लागायची, लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन वाढेना. शेवटी कोलोनोस्कोपीत गाठ सापडली. म्हणून सांगतो, पुरुषाचं किंवा पाळी गेलेल्या बाईचं रक्त कमी होत असेल, तर नुसत्या गोळ्यांवर थांबू नका. रक्त जातंय कुठून, ते डॉक्टरांना विचारा.

छत्रपती संभाजीनगरला ऑपरेशन झालं. आतड्याचा उजवा भाग आणि लगतच्या लसिका गाठी काढल्या, उरलेली टोकं जोडली. जोड गळण्याची लक्षणं आधीच समजावली होती: ताप, जोरात चालणारी नाडी, फुगलेलं पोट, वाढतं दुखणं. यातलं काहीच झालं नाही. पण जेवण सुरू झालं आणि पोटातलं पाणी बाहेर काढणाऱ्या नळीच्या पिशवीतलं पिवळसर पाणी दुधासारखं पांढरं झालं. बायकोनं तडक सिस्टरांना बोलावून दाखवलं. पू झाला म्हणून आम्ही हादरलो.

तपासणीत त्या पाण्यात चरबी निघाली. अन्नातली चरबी वाहून नेणाऱ्या बारीक वाहिन्यांना लसिका गाठी काढताना इजा झाली, तर असं होतं. हे क्वचित घडतं आणि बहुतेकदा पुन्हा न कापता बरं होतं. माझं औषध ताटातच होतं. तेल, तूप, साय, शेंगदाणे बंद. भात, वरणाचं पाणी, अंड्याचा पांढरा भाग चालू. सोबत डॉक्टरांनी दिलेलं एमसीटी तेल, कारण ते त्या वाहिन्यांतून न जाता थेट रक्तात जातं. हळूहळू पाणी निवळलं, नळी निघाली.

तेव्हा नळीतल्या पाण्याचा रंग आणि माप रोज वहीत लिहा. ताकद यावी म्हणून पाहुणे तुपाचा शिरा आणतील. डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका. गाठींच्या रिपोर्टमध्ये किमान 12 लसिका गाठी तपासल्यात का, ते विचारा. केमोचा निर्णय त्यावरही ठरतो. भरती होण्याआधीच रेशन कार्ड, आधार कार्ड घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा आणि खर्चासाठी महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचं विचारा.

आणि आपल्या सख्ख्या भावंडांना, मुलांना हा आजार सांगा. त्यांची कोलोनोस्कोपी चाळिसाव्या वर्षी, किंवा तुमचं निदान झालं त्या वयाच्या 10 वर्षं आधी, यातलं जे लवकर येईल तेव्हा व्हायला हवी.