वरिष्ठाचे अभय

ज्या कार्यालयात चुकांची नोंद कमी, ते कार्यालय उत्तम चालले आहे, असे वरिष्ठांस सहजच वाटते. परंतु नोंदवहीतील पान दोन कारणांनी कोरे राहू शकते: चूक घडलीच नाही म्हणून, अथवा घडलेली चूक सांगण्याचे धैर्य कोणास झाले नाही म्हणून. वरून पाहणाऱ्यास या दोहोंतील भेद दिसत नाही, आणि येथेच अनेक कर्तबगार अधिकारी फसतात.

अमेरिकेतील विदुषी एमी एडमंडसन यांनी गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात, रुग्णालयांत औषधे देताना होणाऱ्या चुकांचा अभ्यास केला. ज्या कक्षांत परिचारिकांचे परस्परांशी व आपल्या प्रमुखांशी संबंध चांगले, तेथे चुका कमी असतील अशी त्यांची अपेक्षा होती. आकडे उलट निघाले. चांगल्या गणलेल्या कक्षांतच चुका अधिक नोंदल्या गेल्या होत्या! मग हे आकडे ज्यास ठाऊक नव्हते अशा एका सहायकाने त्या कक्षांचे निरीक्षण केले, तेव्हा उलगडा झाला. काही कक्षांत परिचारिका झालेली चूक मोकळेपणाने बोलून दाखवीत. काहींत शिक्षेच्या भयाने ती मनातच ठेवीत. चांगल्या कक्षांत चुका अधिक घडत होत्या असे नव्हे, त्या अधिक उजेडात येत होत्या, असा निष्कर्ष एडमंडसन यांनी काढला. प्रश्न विचारला, शंका काढली वा चूक कबूल केली तरी मानहानी होणार नाही, या सर्वांच्या विश्वासास त्यांनी १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात ‘मानसिक सुरक्षितता’ म्हटले आहे. आपल्याकडचा ‘अभय’ हा शब्द त्यास अधिक जवळचा वाटतो.

यावर कोणी म्हणेल, अशाने शिस्त राहील कशी? शंका रास्त आहे. पण अनवधानाने घडलेली चूक आणि जाणूनबुजून केलेली बेपर्वाई या दोन गोष्टी भिन्न आहेत. दुसरीस शासन झालेच पाहिजे. पहिलीस तेच शासन केले, तर चूक थांबत नाही. तिची वार्ता तेवढी थांबते. घरात ज्या मुलास फुटलेल्या कपाबद्दल मार बसतो, ते पुढच्या वेळी तुकडे लपविण्यास शिकते, हे प्रत्येक गृहस्थास ठाऊक आहे. मात्र कचेरीत त्याच गृहस्थास त्याचा विसर पडतो.

मिनिॲपोलिस येथील मुलांच्या रुग्णालयात ज्युलियान मोराथ या अधिकारी १९९९ साली आल्या. आमच्याकडे धोका नाही, असे तेथील मंडळी प्रारंभी म्हणत. मोराथ यांनी वाद घातला नाही. या आठवड्यात तुमच्या रुग्णांच्या बाबतीत सर्व काही तुम्हांस हवे तितके सुरक्षित होते काय, एवढेच त्यांनी विचारले. आरोप नाहीसा होताच माणसे बोलू लागली. कित्येकांनी एकांतात येऊन आपले अनुभव सांगितले.

हाताखालचा मनुष्य चूक सांगण्यास येतो, तेव्हा वरिष्ठाचे पहिले वाक्य निर्णायक ठरते. ‘कोणी केले?’ असे विचारल्यास माणसे एकमेकांकडे बोट दाखवू लागतात. ‘बरे झाले वेळीच सांगितले, आता काय करता येईल?’ असे म्हटल्यास काम पुढे सरकते. बैठकीत कनिष्ठांचे मत आधी घ्यावे, कारण साहेब बोलून चुकल्यावर कोण वेगळे बोलणार? आपली एखादी चूकही साहेबांनी चारचौघांत सांगावी. तिचा परिणाम उपदेशाहून मोठा असतो.

कर्मचाऱ्याच्या मनःस्वास्थ्याचा प्रश्न याच्याशीच जोडलेला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ साली दिलेल्या मार्गदर्शनात, हाताखालील माणसांचा मानसिक त्रास ओळखण्याचे शिक्षण व्यवस्थापकांस द्यावे, अशी शिफारस केली आहे. व्यवस्थापकाने वैद्य व्हावे, असा तिचा अर्थ नव्हे. नेहमी नेटके काम करणारा कारकून महिनाभर चुकू लागला, बोलेनासा झाला, तर ज्ञापन धाडण्यापूर्वी त्यास एकट्यास बोलावून विचारपूस करावी. कामाचा भार अधिक असेल तर वाटून द्यावा, गरज दिसल्यास रजा देऊन डॉक्टरांकडे जाण्यास सुचवावे, आणि त्याने जे सांगितले ते दुसऱ्या टेबलापर्यंत जाऊ देऊ नये.