पडण्याआधी आणि पडल्यावर

गेल्या महिन्यात न्यू जर्सीतील आमच्या ज्येष्ठ मंडळाचे आम्ही सात सभासद मिळून एका ज्युडो-कराटेच्या शिबिराला गेलो. सर्वांत लहान बहीण ६८ वर्षांच्या, सर्वांत मोठे काका ८२ वर्षांचे. घरच्यांनी विचारले, या वयात कुणाला मारणार? मारायचे कुणालाच नव्हते. शिबिराचा विषय होता तोल सांभाळणे आणि पडणे. इथे अशी शिबिरे बहुधा शनिवारी असतात. शब्बाथमुळे आम्ही रविवार मागितला आणि तो मिळाला. विचारायला संकोच करू नये.

शिक्षकांनी पहिले काम दिले ते असे: सतरंजीवर पाठ टेकून निजा आणि कशालाही न धरता उठा. सातांपैकी दोघेच उठले. उरलेले पाच जण छताकडे पाहत पडून राहिलो. आधी हसू आले, मग थांबले. कारण त्या पाचांपैकी तिघे घरी एकटेच राहतात.

पडल्यावर हाड मोडले नाही तरी तासन् तास जमिनीवर पडून राहणे हेच मोठे संकट असते. अंग गार पडते, पाणी मिळत नाही, एकाच जागी दाब येऊन कातडी आणि स्नायू खराब होतात. म्हणून उठण्याची रीत आधी शिकावी. पडल्यावर घाई करू नका, दोन मिनिटे तसेच राहून कुठे दुखते ते पाहा. कंबर किंवा जांघ फार दुखत असेल, पाय हलत नसेल, तर उठू नका, मदत बोलवा. ठीक असाल तर कुशीवर वळा, कोपरावर भार द्या, मग हात-गुडघ्यांवर या आणि रांगत जड खुर्चीपाशी जा. दोन्ही हात बैठकीवर, बळकट पायाचे पाऊल पुढे, रेटा द्या आणि वळून बसा. उभे राहण्याची घाई नको, चक्कर येते. हे घरी गादीवर करून पाहावे, पण कुणी सोबत असताना. गुडघा किंवा खुबा बदललेला असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

ज्युडोत पडण्याची कला पहिल्या दिवसापासून शिकवतात: हनुवटी छातीला, पाठ गोल, हात ताठ पुढे टाकायचा नाही. तरुणांना ती सोन्यासारखी. आपण मात्र मोकळेपणाने आपटून घेण्याचा सराव करू नये. हाडे ठिसूळ असतील तर गोल केलेल्या पाठीवर आपटून मणका दबू शकतो. बसल्या बसल्या हनुवटी आत घेण्याची सवय लावा, तेवढे पुरे. रक्त पातळ करणारी गोळी घेत असाल तर शिक्षकांना आधीच सांगा, आणि डोके आपटले तर टेंगूळ आले नसले तरी लगेच इस्पितळात जा.

डेव्हिड बेन-गुरिऑन यांचे समुद्रकाठी डोक्यावर उभे असलेले १९५७ सालचे छायाचित्र पुष्कळांनी पाहिले असेल. त्यांचे शिक्षक मोशे फेल्डेनक्रायस स्वतः ज्युडोपटू. ते चित्र पाहावे, करू नये.

मग आपल्यासाठी काय? माझे मत ताय-ची. तीही लढण्याचीच चिनी कला, पण अतिशय संथ. माणूस बहुधा पडतो तो भार एका पायावरून दुसऱ्यावर जाताना किंवा वळताना, आणि ताय-चीत नेमके तेच सावकाश, पुन्हा पुन्हा करायचे असते. ऑरेगॉन राज्यात डॉ. फुझोंग ली यांच्या पथकाने ७० वर्षे व त्यावरील ६७० जणांचा अभ्यास केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. सगळे आदल्या वर्षी पडलेले किंवा चालताना अडचण येणारे. त्यांचे जवळपास सारखे तीन गट केले, आठवड्यातून दोनदा तासभर, २४ आठवडे. अंग ताणण्याचे व्यायाम करणाऱ्या गटात सहा महिन्यांत ३६३ वेळा पडणे झाले. चालणे, ताकद, तोल असे मिश्र व्यायाम करणाऱ्यांत २१८ वेळा. ताय-चीच्या गटात १५२ वेळा. कुणी पडलेच नाही असे नव्हे, पण फरक किती तो पाहा. मात्र एका शिबिराने हे होत नाही. आठवड्यातून दोन दिवस, महिनोन् महिने जायला हवे, आणि एकट्याने कंटाळा येतो. आमच्यातल्या एक बाई नसल्या की दुसऱ्या फोन करतात, म्हणून दोघी येतात.

वर्गाला जाताना पायात घट्ट बसणारे, रबरी तळाचे बूट असावेत, नुसते मोजे नकोत. जवळ भक्कम खुर्ची ठेवा. उपवासाच्या दिवशी सुट्टी घ्या.

आता मंगळवारी आणि गुरुवारी सकाळी आम्ही जमतो. गेल्या गुरुवारी सातांपैकी पाच जण खुर्चीच्या आधाराने जमिनीवरून उठले. काका दर वेळी उठताना एलियाहू हन्नाबीचे नाव घेतात आणि मग खुर्ची धरतात.