परमुलखी रुजलेला आपला वाळा

पावसाळ्यात शाळेच्या बागेतील कुंडी हलविताच गांडुळासारखा काळसर, चकचकीत जीव वळवळताना दिसतो आणि मुले त्यास चिरडतात. वस्तुतः त्याच्या अंगावर वळी नसून बारीक खवले असतात. तो वाळा नावाचा, वीतभराहून आखूड असा बिनविषारी साप होय. मुंग्या व वाळवी यांची अंडी आणि अळ्या हे त्याचे अन्न.

आपल्या मातीतील हा साप आज फ्लोरिडा, मेक्सिको व हवाई बेटे येथेही वसला आहे. रोपांच्या मुळांशी असलेल्या मातीतून तो तेथे पोहोचला. या जातीत नर आढळत नाहीत. मादी एकटीच प्रजा वाढविते. म्हणून एकच मादी पोहोचली तरी पुरते.

गुआम बेटावर दुसऱ्या महायुद्धानंतर मालवाहतुकीतून शिरलेल्या तपकिरी वृक्षसर्पाने मात्र मूळच्या वनपक्ष्यांच्या बहुतेक जाती नाहीशा केल्या. तेथे त्यास विपुल भक्ष्य होते. आवर घालणारा शत्रू नव्हता.

चांदवड तालुक्यातील शिक्षकांनी वाळा मुलांस दुरूनच दाखवावा. मण्यारीचे पिल्लूही लहानच असते. म्हणून कोणताही साप हाती धरू नये, व्यर्थ मारूही नये. परगावाहून आलेल्या रोपाची माती तपासण्याची सवय मात्र अवश्य लावावी.